एअर आली कुठून?

क्लच बसला तो व्हरायटी चौकात, सिग्नल हिरवा होताच. रामदासपेठेतून आईचे डोळे तपासून महालात परतत होतो. तिच्या डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं नीट दिसत नव्हतं. पेडल तळाला गेलं ते वर आलंच नाही. गिअर पडेना, मागे हॉर्नचा गोंधळ. दोन अनोळखी पोरांनी गाडी कडेला ढकलून दिली. आईनं तोवर माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

पंधराच दिवसांपूर्वी या गाडीत नवा क्लच सेट टाकला होता. गॅरेजवाला म्हणाला, "एअर आली भाऊ," आणि पाऊण तासात एअर काढून दिली. पेडल कडक झालं. बारा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा एअर काढली. नवतपा सुरू होता, पारा ४५ च्या वर. "उन्हानं होते जी," हे मला पटलं. पटण्यासारखंच होतं ते. क्लचच्या लाइनमधलं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यावर तोच आकडा १५५ वर येतो. जुनं ऑइल इंजिनच्या धगीत उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. पण असं पेडल गाडी निवल्यावर बहुधा परत येतं. माझं तिसऱ्यांदा बसलं ते पहाटे साडेपाचला, रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीत. उन्हाचं कारण तिथंच संपलं.

क्लचची लाइन बंद असते. एअर काढताना चूक झाली नसेल, तर हवेला आत यायला वाट लागते, आणि त्याच वाटेनं बहुतेकदा ऑइल बाहेर जातं. एअर काढणं म्हणजे ती वाट बुजवणं नव्हे. "एअर आली कुठून?" हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

मी ऑइलच्या टाकीकडे पाहिलं होतं. ऑइल दिसत होतं, म्हणून गळती नाही असं समजलो. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचचा पाइप बाजूला, वरच्या अंगाला जोडलेला असतो. क्लच गळला तरी ब्रेकचं ऑइल उरावं, म्हणून ही सोय. त्यामुळे टाकी अर्धी भरलेली दिसत असतानाच क्लच हवा ओढू लागतो. मग मी मार्करनं टाकीवर निळी रेघ मारली. दोनशे किलोमीटरमध्ये ऑइल रेघेखाली गेलं.

दुसऱ्या मिस्त्रीनं आधी पायाखालची चटई उचलली, पेडलच्या दांड्यावरून बोट फिरवलं, पाइपचे जोड पाहिले. सगळं कोरडं. मग गाडी वर घेऊन क्लच झाकणाऱ्या बेल हाउसिंगच्या तळच्या भोकात बोट घातलं. ते काळ्या भुकटीनं माखलेल्या पातळ ऑइलनं ओलं झालं. माझ्या गाडीत क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगसोबत बसतो. मिस्त्री त्याला सीएससी म्हणतात. क्लच सेट बदलताना पैसे वाचावेत म्हणून जुनाच ठेवला होता. प्लेट झिजत जाते तशी त्याच्या पिस्टनची जागा सरकते. नवी जाड प्लेट पडली की ती जागा पुन्हा बदलते, रबर वर्षानुवर्षांचा मळ साचलेल्या भागावर घासतं आणि कापलं जातं. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागला. नवी प्लेट ऑइलनं भिजून वाया गेली, तो खर्च वेगळाच. म्हणून गिअरबॉक्स खाली आला असेल, तर सीएससी त्याच वेळी बदला.

ऑइल रेघेवरच राहत असेल आणि तरी पेडल बसत असेल, तर संशय पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावर घ्या. पेडल हळूहळू, एकसारखं दाबून धरा. आपोआप खाली सरकत गेलं तर ऑइल रबराला वळसा घालून परत जातंय.

ऑइल कमी दिसलं की लगेच भरू नका, आधी मिस्त्रीला रेघ दाखवा. भरायचं तर कंपनीनं सांगितलेलंच, सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबर फुगतं. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर ताबडतोब पाणी ओता. आणि टाकी ब्रेकशी एक असेल, तर पातळी उतरत असताना गाडी घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढायला निघू नका.

निळी रेघ मी पुसलेली नाही. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, बॉनेट उघडून बघतो.