कंपवात : दिसणारा व न दिसणारा

मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात आपोआप कांपत आहे, असा वृद्ध मनुष्य पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यास कंपवात झाला आहे, असें आपण म्हणतों आणि त्याचें दुःख आपणांस समजलें असें मानून पुढें जातों. परंतु या रोगाचा जो भाग रस्त्यांत दिसतो, त्याहून पुष्कळ मोठा भाग घराच्या चार भिंतींआड रोज सोसावा लागतो. त्याची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावी, एवढ्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

लंडन येथील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं एक लहानसें पुस्तक लिहून या रोगाचें वर्णन केलें. त्यांत सहा रोग्यांची हकीकत असून, त्यांपैकीं कांहींना त्यांनीं केवळ रस्त्यांतच पाहिलें होतें. पुढें पॅरिस येथील डॉक्टर शार्को यांनीं दाखवून दिलें कीं, कंप हा प्रत्येक रोग्यांत असतोच असें नाहीं. म्हणून त्यांनीं या रोगास पार्किन्सन यांचेंच नांव दिलें.

याचें मूळ मेंदूंत आहे. तेथें काळसर पेशींचा एक लहान पुंजका असून त्या डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करितात. शरीराची हालचाल सहज व सफाईनें होण्यास तें अवश्य आहे. या पेशी हळूहळू नाश पावूं लागल्या म्हणजे स्नायूंचें बळ तसें फारसें जात नाहीं. मात्र त्यांस होणारी आज्ञा मंदावते. निरोगी मनुष्य जें नकळत करितो, तें रोग्यास लक्ष देऊन, एकेक पायरीनें करावें लागतें.

मग सदऱ्याची एक गुंडी लावणें हेंही मोठें काम होऊन बसतें. रात्रीं कूस बदलण्यासाठीं जोडीदारास उठवावें लागतें. लिहितां लिहितां अक्षर बारीक होत जातें. आवाज खोल जातो. दाराच्या उंबरठ्याशीं पाय एकाएकीं खिळल्यासारखे होतात. अशा वेळीं जमिनीवर एखादी आडवी रेघ असली, तर ती ओलांडण्याच्या निमित्तानें तेच पाय पुन्हां चालूं लागतात! वास न येणें, बद्धकोष्ठ, झोंपमोड व मनाची उदासीनता हीं दुःखें तर कोणासच दिसत नाहींत. त्यांतील कांहीं कंप सुरू होण्यापूर्वीं कित्येक वर्षें येऊन बसलेलीं असतात.

याहून कठीण गोष्ट म्हणजे गैरसमज. चेहऱ्याचे स्नायू ताठर झाल्यामुळें हंसूं उमटत नाहीं. नातवंडांस वाटतें, आजोबा रागावले. उत्तर यावयास उशीर लागतो. पाहुण्यांस वाटतें, यांस कांहीं समजत नाहीं. १९६१ सालीं व्हिएन्ना येथें रोग्यांस प्रथम देण्यांत आलेलें लेवोडोपा हें औषध आजही मुख्य आधार आहे. त्यानें हालचाल सुधारते, पण रोग थांबत नाहीं. कांहीं वर्षांनीं त्याचा गुण एका मात्रेपासून दुसरीपर्यंतही पुरत नाहीं. सकाळीं अंगणांत फिरलेला मनुष्य दुपारीं खुर्चींतून उठूं शकत नाहीं, आणि घरचेच लोक म्हणतात, "हें ढोंग आहे." रोगानें जें हिरावून घेतलें नव्हतें, तें अशा एका शब्दानें जातें. रोगी चारचौघांत येण्याचें टाळूं लागतो. हात खिशांत लपवितो. पंक्तीस बसत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं असा रोगी असेल, त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. औषधाची वेळ चुकूं देऊं नये. पाय अडले असतां ओढूं नये. क्षणभर थांबून नव्यानें पाऊल टाकूं द्यावें. त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. जी गुंडी त्यास स्वतः लावतां येते, ती त्यासच लावूं द्यावी. मुलांनीं त्याच्या चेहऱ्यावरून त्याचें मन ओळखूं नये. जवळ बसून विचारावें.

या सर्वांस पैसा लागत नाहीं. वेळ मात्र लागतो. ज्याची प्रत्येक हालचाल मंदावली आहे, त्यास दुसऱ्याच्या घाईइतकें दुःसह कांहीं नाहीं. औषध वैद्य देतील. घाई न करणें हें आपल्या हातीं आहे.