संगणकाचे दप्तर आणि ते वाचणारा गाभा

जुन्या दप्तरातील मोडी कागद शाबूत असतो, शाईही फिकी झालेली नसते. परंतु मोडी वाचणारा नसेल तर तो कागद मुकाच राहतो. संगणकावरील दप्तराचेही तसेच आहे. डिस्कवर अथवा मेमरी कार्डावर माहिती ज्या पद्धतीने मांडलेली असते तिला फाईल प्रणाली म्हणतात. ती ओळखण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजेच कर्नल, करतो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये अशा अनेक प्रणालींची सोय आहे. मात्र ती प्रत्येक संगणकावर चालू असतेच असे नाही. कर्नल तयार करताना प्रत्येक प्रणालीबाबत तीन पर्याय असतात : ती गाभ्यातच समाविष्ट करणे, गरजेनुसार जोडला जाणारा स्वतंत्र भाग, म्हणजे मॉड्यूल, म्हणून ठेवणे, किंवा वगळणे. पहिल्या पर्यायाने गाभा मोठा होतो, दुसऱ्याने मेमरीची बचत होते आणि तिसऱ्याने कर्नल त्या प्रणालीला पारखा होतो.

३२ गिगाबाइटपेक्षा मोठ्या एसडीएक्ससी कार्डांसाठी एक्सफॅट ही प्रणाली ठरलेली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तांत्रिक तपशील प्रसिद्ध केला. २०२० मधील ५.७ या आवृत्तीत सॅमसंगच्या अभियंत्यांनी तयार केलेली सोय लिनक्समध्ये आली. तरीही हा पर्याय निवडलेला नसेल तर फाईल प्रणाली अनोळखी असल्याचा संदेश मिळतो. अशा वेळी कार्ड बिघडले असे समजून ते नव्याने फॉरमॅट करणे म्हणजे हाती असलेली माहिती गमावणे होय. प्रथम कर्नलमधील सोय तपासावी.

ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो तिच्याबाबत विशेष दक्षता हवी. तिच्या प्रणालीचे मॉड्यूल त्याच डिस्कवर ठेवणे म्हणजे किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावणे. ती प्रणाली गाभ्यातच असावी किंवा तिचे मॉड्यूल आरंभीच मेमरीत येणाऱ्या 'इनिटरॅमएफएस' या संचात असावे.

एकदा मिळालेली सोय कायम राहतेच असेही नाही. २००१ मध्ये लिनक्समध्ये आलेली रायझरएफएस ही प्रणाली २०२५ मधील ६.१३ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. म्हणूनच कार्यालय, शाळा वा ग्रामपंचायत यांनी संगणकीय अभिलेख जपताना ते कोणत्या प्रणालीत आहेत याची नोंद ठेवावी आणि वाचणारा आहे तोवरच ते नव्या प्रणालीत उतरवून घ्यावेत.