घरच्या चित्रपटसंग्रहाची सूचि : वेष्टनाचें कोणतें चित्र टिपावें?

पुष्कळ घरांतील कपाटांत व्हीएचएस कॅसेटी, व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे असा चित्रपटांचा नानाविध संग्रह सांचलेला असतो. त्याची सूचि करूं लागलें म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं प्रत्येक नांवापुढें वेष्टनाचें कोणतें चित्र स्कॅन करून ठेवावें? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. इंटरनेटवरून एखादें सुरेख भित्तिपत्रक उतरवून घेतलें म्हणजे काम झालें, असें कित्येकांस वाटतें. परंतु सूचि ही शोभेची चित्रवही नव्हे. आपल्या कपाटांत नेमकी कोणती प्रत आहे, हें तिनें सांगावयाचें असतें. आणि तें काम परक्या भित्तिपत्रकाच्या हातून होणारें नव्हे.

फ्रित्स लांग या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट घ्या. तो १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. त्यानंतर लौकरच त्याची मोठी काटछाट झाली, आणि कापलेला भाग कायमचा नाहींसा झाला अशी अनेक वर्षें समजूत होती. पुढें २००८ सालीं अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथील चित्रपट-संग्रहालयांत १६ मिलिमीटर फितीवरील एक जुनी, ओरखड्यांनीं भरलेली प्रत उजेडांत आली. तिच्या साह्यानें सुमारें पंचवीस मिनिटांची दृश्यें परत मिळालीं, आणि हा भरलेला चित्रपट फेब्रुवारी २०१० मध्यें बर्लिनलाच पुन्हां दाखविला गेला. आतां पाहा : २०१० पूर्वींची डीव्हीडी घ्या कीं नंतरची घ्या, दर्शनी बाजूस बहुधा तोच यंत्रमानव किंवा तेच उंच मनोरे. चित्रावरून भेद कळावयाचा नाहीं. तो कळतो मागील बाजूवरून, जेथें बारीक अक्षरांत चित्रपटाची लांबी छापलेली असते. एकीवर सुमारें दोन तास, तर दुसरीवर सुमारें अडीच तास. ज्यानें केवळ दर्शनी चित्र टिपलें, त्याच्या सूचींत हा अर्ध्या तासाचा फरक बुडाला !

म्हणून माझें मत असें, कीं वेळ थोडा असेल तर प्रथम मागील बाजू टिपावी. लांबी, भाषा, उपशीर्षकें, आवृत्तीचें वर्ष, प्रमाणपत्राचें चिन्ह हें सारें तेथेंच असतें. प्रदेशाचा अंकहि तेथेंच. भारताकरितां काढलेल्या डीव्हीडीचा अंक ५, अमेरिकेचा १. अमेरिकेहून आत्यानें आणलेली तबकडी आपल्या यंत्रावर कां चालत नाहीं, याचें उत्तर पुष्कळदां त्या इवल्याशा अंकांत असतें.

वस्तुतः डीव्हीडीच्या बाबतींत निवड करण्याचें कारणच पडत नाहीं. डबीच्या पारदर्शक आवरणाखालील कागद हलक्या हातानें बाहेर काढला, कीं दर्शनी बाजू, मधली अरुंद पट्टी व मागील बाजू असा अखंड ताव मिळतो. तो सुमारें २७३ मिलिमीटर लांब व १८३ मिलिमीटर रुंद असतो. अर्थात् ए-फोर आकाराच्या साध्या स्कॅनरवर तो सहज मावतो. छापील चित्र हें बारीक रंगीत ठिपक्यांचें बनलेलें असल्यामुळें त्या ठिपक्यांचा व स्कॅनरच्या जाळीचा मेळ न बसून चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. यास उपाय म्हणजे एका इंचास ६०० बिंदु या प्रमाणानें स्कॅन करून मग ३०० पर्यंत लहान करणें. काम दुपटीहून अधिक वेळाचें आहे खरें. तथापि बारीक अक्षरें वाचतां येतात.

बाहेर पुठ्ठ्याचें जादा आवरण असल्यास त्याचें व आंतील कागदाचें चित्र ताडून पाहावें. दोन्हीं एकच असतील तर आंतील कागद पुरे. भिन्न असतील तर दोन्हीं घ्यावींत. सोनेरी वा रुपेरी मुलाम्याचें आवरण मात्र स्कॅनरखालीं काळवंडतें. त्याचें खिडकीजवळच्या मंद उजेडांत छायाचित्र काढावें. तबकडीचा दर्शनी भाग सहसा सोडून द्यावा. एकाच डबींत दोन-तीन तबकड्या असतील तेवढ्याच वेळीं तो टिपण्याजोगा.

आणि ज्यांस छापील वेष्टनच नाहीं, अशा कॅसेटींचें काय? घरोघरीं लग्न, मुंज, बाप्तिस्मा, शाळेचें संमेलन असें कांहींतरी व्हीएचएसच्या फितीवर असतें, आणि तिच्या पाठीवर कोणींतरी शाईनें लिहिलेली चिठ्ठी. ‘मेट्रोपोलिस’चें वेष्टन जगांत हजारों ठिकाणीं मिळेल, ही चिठ्ठी एकच. तिची शाई विटते, गोंद सुकून ती गळून पडते, आणि मग त्या काळ्या डबींत कोणाचें लग्न आहे हें फीत लावल्यावांचून कळत नाहीं. लावावयास यंत्र तरी आतां कितीकांच्या घरीं चालू आहे? यास्तव सूचीचा आरंभ मुळीं या चिठ्ठ्यांपासूनच करावा. आजीस किंवा वडिलांस जवळ बसवून अक्षर कोणाचें तें विचारावें व चित्राशेजारीं नोंदवावें. चिठ्ठीवर एखादें नांव खोडून दुसरें लिहिलेलें असेल, तर खोडलेलेंहि वाचतां येईल असें स्कॅन करावें. नव्या चित्रणाखालीं पुसलें गेलेलें पहिलें चित्रण कोणतें होतें, याची ती शेवटची खूण असते.