बोर्ड गेलें म्हणजे काय गेलें?

कपडे धुण्याचें यंत्र बंद पडलें, मिस्त्रीनें येऊन झांकण उघडलें, आंत डोकावून पाहिलें आणि "बोर्ड गेलें" असा निकाल दिला, म्हणजे घरांतील मंडळी निमूटपणें खिशांत हात घालतात. हा निकाल कित्येकदां खराही असतो. परंतु तो कशाच्या आधारावर दिला हें फारच थोडे लोक विचारतात. शाळेंत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तरी तें विचारावें अशी आमची इच्छा आहे, व म्हणूनच हा विषय येथें घेतला आहे.

पूर्वींच्या यंत्रांत हें बोर्ड नव्हतें. एक लहानशी मोटर उंचसखल कडांच्या चकत्या सावकाश फिरवी, त्या कडांनीं विजेचे संपर्क जुळत व तुटत, आणि धुणें, विसळणें, पिळणें हा क्रम त्यांवर चाले. 1971 सालीं इंटेल कंपनीनें 4004 ही चिप विक्रीस आणली, आणि पुढें अशा चिपा स्वस्त होत गेल्यावर चकत्यांचें काम त्यांजकडे आलें. आजच्या बोर्डावर तीन प्रकारचीं कामें चालतात. घरांतील 230 व्होल्टच्या विजेपासून 12 किंवा 5 व्होल्टची सौम्य वीज तयार करणें हें पोटाचें काम. केव्हां काय करावयाचें तें ठरविणें हें मेंदूचें. आणि मोटर, पंप, पाण्याची झडप यांस वीज सोडणें वा तोडणें हें हातांचें. मेंदू क्वचितच बिघडतो. बिघडतात ते बहुधा पोट आणि हात.

पोटाची रचना अशी. आलेली वीज डायोडमधून एकाच दिशेची होऊन कपॅसिटरमध्यें सांठते. तेथें दाब सुमारें 325 व्होल्ट होतो; कारण 230 हा उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा परिणामी आंकडा आहे, शिखर नव्हे. (230 ला 2 च्या वर्गमूळानें गुणून पाहावें.) मग एक छोटी चिप ही वीज सेकंदाला हजारों वेळां तोडून-जोडून तिचा दाब उतरविते. वाटेवर एक रोधक असा बसविलेला असतो कीं, प्रवाह फार वाढल्यास त्यानें स्वतः जळून मार्ग बंद करावा. यंत्र अगदींच निर्जीव झालें असेल, एकही दिवा लागत नसेल, तर बहुधा हा रोधक तुटलेला व त्यामागची चिप फुटलेली आढळते. पुष्कळदां मूळ अपराधी मात्र कपॅसिटर असतो. त्याच्या आंतील द्रव उष्णतेनें सुकत जातो. तापमान 10 अंशांनीं कमी राहिलें तर त्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें असा ठोकताळा आहे. डोकें फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येतो. न फुगतां सुकलेलाही असतो. अशा वेळीं 5 व्होल्ट स्थिर राहत नाहींत, मेंदूस मधूनच भोंवळ येते, आणि यंत्र धुतां धुतां थांबतें.

येथें एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. मोबाइलच्या चार्जरमधील 5 व्होल्ट घरच्या विजेपासून ट्रान्स्फॉर्मरनें अलग केलेले असतात. धुण्याच्या पुष्कळ यंत्रांत तसें नसतें. 5 व्होल्टची एक बाजू सरळ घरच्या विजेच्या तारेसच जोडलेली असते. "पांचच व्होल्ट आहेत" म्हणून हात लावणारा प्राणास मुकूं शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्यें वीज कांहीं काळ राहते. म्हणून विद्यार्थ्यांनीं चालू बोर्डाजवळ कदापि जाऊं नये. जें मोजावयाचें तें प्लग काढून, कपॅसिटर रिकामा झाल्याची शिक्षकांनीं खात्री केल्यावर, ओहममध्यें मोजावें. तेवढ्यानेंही पुष्कळ दोष सांपडतात.

हातांचें काम रिले व ट्रायाक करतात. ट्रायाक हा विजेचा दरवाजा होय. बाहेरच्या तारा सोडवून त्याच्या दोन मुख्य पायांमध्यें मोजल्यास फार मोठा रोध दिसला पाहिजे. दोनचार ओहमच दिसले तर तो आंतून जुळून गेला असें समजावें. असा ट्रायाक पंपाचा असेल, तर प्लग लावतांच पंप सुरू होतो तो थांबतच नाहीं. उलट, तो फुटून तुटला तर पंप कधींच फिरत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या बोर्डिंगांतील यंत्र पाणी बाहेर टाकीनासें झालें. मिस्त्रीनें बोर्ड बदलावयास सांगितलें, आणि आम्हींच त्यास संमति दिली. महिन्याच्या भाजीपाल्याइतका पैसा गेला. यंत्र तीन दिवस चाललें व पुन्हां तसेंच बंद पडलें. तेव्हां दहावीच्या दोघां विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही जुनें बोर्ड भिंगाखालीं पाहूं लागलों. पंपाचा ट्रायाक तडकलेला होता, शेजारची तांब्याची रेघ काळवंडली होती. नव्या बोर्डावरही नेमका तोच ट्रायाक तडकला होता. त्यांतील एका मुलानें विचारलें, "सर, दोन्हीं ठिकाणीं एकच का जळला?" हा प्रश्न आम्हांस पहिल्या दिवशीं सुचावयास हवा होता.

पंप काढून त्याची गुंडाळी मोजली. अशा पंपाची गुंडाळी साधारण 150 ओहम दाखविते. ही वीसच दाखवीत होती. पात्याशीं शर्टाचें बटण व दोऱ्यांचा गुंता अडकला होता. पंप अडून तापे, थंड होई, पुन्हां तापे, आणि असें होतां होतां तारेवरचें लाखेचें वेष्टण जळून वेढे एकमेकांस चिकटले होते. येथें एक शंका निघते. 230 ला 150 नें भागल्यास दीड अँपिअर येतो. पण धडका पंप त्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपासच प्रवाह घेतो. हें कसें? गुंडाळीच्या स्वयंप्रवर्तनामुळें उलटसुलट विजेस निराळाच अडथळा होतो, तो ओहममापकास दिसत नाहीं. वेढे चिकटले कीं रोधही घटतो आणि हा अडथळाही घटतो. बिचाऱ्या ट्रायाकवर दुहेरी भार पडतो.

तेव्हां बोर्डावर आरोप ठेवण्यापूर्वीं बाहेरच्या साक्षीदारांची तपासणी झाली पाहिजे. दाराचें कुलूप लागल्याचा टक् असा आवाज येतो कीं नाहीं? तें लागल्याशिवाय बोर्ड यंत्र सुरू करीत नाहीं, आणि तेंच योग्य होय. पाण्याच्या झडपेची गुंडाळी सुमारें 4 हजार ओहम दाखविते काय? तारांचे जोड हिरवट पडले आहेत काय? कोंकणांत पावसाळ्यांत हें फार होतें. झुरळें व पाली यांची भर निराळीच. यंत्रावर उमटणारी सांकेतिक अक्षरें उपयोगी असतात, पण पाणी निघत नाहीं इतकेंच तीं सांगतात. कां निघत नाहीं तें सांगत नाहींत. बोर्डावरही आधीं भिंगानें रिलेच्या पायांभोंवतीं व जोडांच्या खिळ्यांभोंवतीं पाहावें. हादऱ्यांनीं तेथील कथलाच्या डागास केसासारखी गोल चीर पडते. ती पुन्हां डाग दिल्यानें बुजते.

मिस्त्रीवर सर्व दोष टाकणें मात्र न्याय्य नाहीं. आपल्याकडील कित्येक बोर्डें दमटपणापासून जपण्यासाठीं राळेसारख्या लेपांत पूर्ण बुडविलेलीं असतात. त्यांतून एक ट्रायाक उकरून काढणें बहुधा शक्य नसतें, आणि तेथें बोर्ड बदलणेंच बरें. युरोपीय संघानें 2021 पासून धुण्याच्या यंत्रांचे सुटे भाग, बोर्डांसुद्धां, शेवटचें यंत्र बाजारांत आल्यावर निदान 10 वर्षें मिळालेच पाहिजेत असा नियम केला आहे. असो.

आमचें जुनें बोर्ड सुदैवानें उघडें होतें. ट्रायाक एका वडापावाहून फार महाग पडला नाहीं. पंप अर्थातच नवा आणला. प्रथम बोर्डास एकदम वीज न देतां आम्हीं वाटेंत 60 वॅटचा तारेचा जुना दिवा जोडला. आंत कोठें तारा जुळल्या असत्या तर तो लख्ख पेटून राहिला असता व बोर्ड वांचलें असतें. मुलांस दहा फूट दूर उभें करून आम्हीं कळ दाबली. दिवा क्षणभर उजळला आणि विझला; कपॅसिटर भरला होता. मग दिवा काढून यंत्र जोडलें. त्या शनिवारीं बोर्डिंगांतील चाळीस चादरी सांचल्या होत्या. संध्याकाळच्या घंटेपूर्वीं त्या मागच्या अंगणांत दोरीवर होत्या.