उत्तरभागाचा आनंद आणि सत्तेची मराठी

अद्भुतरम्य कथा मराठीला नवी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली. या परंपरेतल्या कथेत संकटांमागून संकटे येतात, शेवटी सज्जनांना सुख लाभते आणि कथा तिथेच थांबते. हिंदीत देवकीनंदन खत्रींनी मात्र 'चंद्रकांता'नंतर 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग वाचकांपुढे ठेवले. राज्य मिळाले, लग्न झाले, तरी पुढे काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतोच. उत्तरभागाचा जन्म याच प्रश्नातून होतो. भोपाळच्या मराठी मुलांना या दोन्ही परंपरा सारख्याच जवळच्या आहेत.

आजच्या किशोरवाचकाला उत्तरभागाची गोडी लावली ती हॅरी पॉटर मालिकेने. मूळ इंग्रजी मालिका १९९७ ते २००७ या काळात सात भागांत पूर्ण झाली. आपल्या दृष्टीने विशेष हे की, तिचे हिंदी आणि मराठी अनुवाद भोपाळच्याच मंजुल पब्लिशिंग हाउसने प्रकाशित केले. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरातून मराठी मुलांच्या हाती ही मालिका पोचली. प्रस्तुत पाठासाठी तिचा पाचवा भाग, म्हणजे २००३ सालचा 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स', निवडला आहे, कारण सातही भागांत राजकारण सर्वांत ठळकपणे इथे येते.

१. ओळखीचे घर, बदललेले वातावरण

पहिल्या भागाचा आनंद नवलाईचा असतो. भिंतीतून जाणारा रस्ता, बोलणारी टोपी, हलणारे जिने अशी सगळीच पहिली भेट असते. उत्तरभागात ही नवलाई उरत नाही आणि लेखकाला दुसरे काहीतरी द्यावे लागते. पाचव्या भागात शाळा तीच आहे, जिने तेच आहेत, पण सूचनाफलकावर रोज नवा हुकूम लागतो. चौथ्या भागाच्या शेवटी शत्रू परतल्याचे हॅरीने डोळ्यांनी पाहिले आहे. मंत्रिमहोदयांना मात्र ते मान्य करणे गैरसोयीचे आहे. वर्तमानपत्र हॅरीची टर उडवते. शाळेवर नजर ठेवण्यासाठी डोलोरेस अम्ब्रिज ही मंत्रालयातली वरिष्ठ अधिकारी शिक्षिका म्हणून येते आणि लवकरच चौकशी अधिकारी होते.

आधीच्या भागांत प्रश्न होता, शत्रू कोण? इथे प्रश्न आहे, खरे कोण सांगते आणि कोणाचे खरे मानले जाते? जादू जिथल्या तिथे आहे, तरी भीती वाटते ती कागदाची, शिक्क्याची आणि गोड बोलण्याची. पहिला भाग वाचलेल्यालाच हा बदल बोचतो, कारण ती शाळा एव्हाना त्याचीही झालेली असते. उत्तरभागाचा खरा आनंद या बोचण्यात आहे.

२. सत्तेचे शब्द

सोनागिरी, पिपलानी किंवा भेलच्या वसाहतीतल्या मराठी घरांत मुले मराठी बोलतात, पण ती बहुधा स्वयंपाकघराची आणि देवघराची मराठी असते. शाळा हिंदी वा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे पोहे, आजी, आरती यांचे शब्द तोंडात असतात, पण हुकूम, हरकत, चौकशी, निषेध, बडतर्फी यांचे नसतात. ज्या भाषेत मोठ्यांशी वाद घालता येत नाही ती भाषा मूल मोठे झाले की मागे पडते. म्हणूनच राजकारण असलेली किशोरकथा मराठीतून वाचणे इथे महत्त्वाचे ठरते.

हिंदीच्या सहवासामुळे काही शब्द तर हमखास चकवतात. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'हरकत' हिंदीत कृती, बहुधा आगळीक, तर मराठीत आक्षेप. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'राजीनामा' हिंदीत तडजोडीचा लेख, मराठीत पद सोडल्याचे पत्र. हे चारही शब्द पाचव्या भागाविषयी बोलताना लागतातच. अम्ब्रिजच्या वर्गात तर 'शिक्षा'चे दोन्ही अर्थ एकत्र येतात: मंत्रालयाचे शिक्षणविषयक हुकूम तिथे मुलांना दंड म्हणूनच भोगावे लागतात. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहून दोन्ही अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावेत.

'मंत्रालय' हा शब्दही थांबून पाहण्यासारखा आहे. मंत्र म्हणजे मंतरण्याचे शब्द आणि मंत्र म्हणजे मसलतही. मंत्री आणि मंत्रणा हे शब्द याच कुळातले. मुंबईत 'मंत्रालय' म्हटले की एक विशिष्ट इमारत डोळ्यांपुढे येते, भोपाळमध्ये वल्लभ भवन. 'जादूचे मंत्रालय' असे मराठीत म्हणताच मंत्र घालणारे आणि मसलत करणारे एकाच छपराखाली येतात. इंग्रजी नावात हा श्लेष नाही. तो मराठी वाचकाला आपल्या भाषेने दिला आहे.

३. वर्गातील वाचन

*भाषणाचे वाचन.* वर्षारंभीच्या मेजवानीत अम्ब्रिज लांबलचक, गुळगुळीत भाषण करते. बाकी मुले कंटाळतात. हर्मायनी मात्र लक्ष देऊन ऐकते आणि मंत्रालय आता शाळेत हात घालणार, एवढा अर्थ त्यातून काढते. विद्यार्थ्यांनी हा प्रसंग वाचून भाषणाचा मथितार्थ तीन साध्या वाक्यांत लिहावा. सरकारी गद्याचा अर्थ लावण्याचा हा उत्तम सराव आहे.

*हुकूमाचे लेखन.* मुलांच्या संघटना बंद, विशिष्ट मासिक बाळगण्यास बंदी असे हुकूम कथेत निघतात. त्या बंदीमुळेच सारी शाळा ते मासिक वाचून काढते. विद्यार्थ्यांनी असाच एक काल्पनिक हुकूम परिपत्रकाच्या मराठीत लिहावा आणि दुसऱ्या गटाने त्यावर हरकत नोंदवणारा अर्ज करावा. अर्ज नम्र असावा, पण मुद्दा सोडू नये.

*बातमीची दोन रूपे.* शेवटी मंत्री स्वतः शत्रूला पाहतात आणि कालपर्यंत हॅरीला खोटा ठरवणारे वर्तमानपत्र एका रात्रीत त्याचे गुणगान करू लागते. आदल्या दिवशीची आणि दुसऱ्या दिवशीची बातमी विद्यार्थ्यांनी लिहावी. 'म्हणे', 'कथित', 'तथाकथित' हे शब्द कुठे येतात आणि कुठे गळतात, हे तपासावे.

शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. पुस्तकातल्या राजकारणाला आजच्या एखाद्या पक्षाचे नाव देण्याची घाई करू नये. तसे केले की कथा संपते आणि वाद उरतो. अम्ब्रिज कोणासारखी वाटते, हे मुलांनी मनात ठेवले तरी चालेल. ती बोलते कशी, हे मात्र त्यांना मराठीत सांगता आले पाहिजे.

स्वाध्याय

१. पाचवा भाग आधीचे भाग न वाचता वाचला तर कोणता आनंद हुकेल? दोन प्रसंगांच्या आधारे लिहा.
२. शिक्षा, हरकत, चेष्टा, राजीनामा हे शब्द मराठी अर्थाने वापरून अम्ब्रिजविषयी एक परिच्छेद लिहा.
३. हॅरीची शिक्षिका त्याला खरे बोलल्याबद्दल दंड करते. सत्य माहीत असूनही गप्प बसणाऱ्या एका पात्राची बाजू मांडा, मग ती खोडून काढा.