हॅकिंगचं पहिलं पुस्तक : विकत घेण्याआधी चाळून पाहा

‘मुलगा हॅकिंगचं पुस्तक मागतोय, घेऊन द्यावं का?’ हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या, पनवेल तालुक्यातल्या शिरढोणसारख्या गावातही अकरावीतल्या मुलाला ऑनलाइन पुस्तक मागवता येतं आणि दोन-चार दिवसांत पार्सल घरी येतं. पालकांच्या मनात दोन काळज्या असतात. पोरगं नको त्या नादाला लागलं तर? आणि नाही म्हटलं, तर एक चांगलं करिअर त्याच्या हातून गेलं तर? दोन्ही काळज्या रास्त आहेत. पण पुस्तक द्यावं की नाही यापेक्षा कोणतं द्यावं, हा प्रश्न जास्त कामाचा. तो सोडवण्यासाठी आईवडिलांना कंप्युटर यायलाच हवा असंही नाही. पाव तास, पुस्तकाची अनुक्रमणिका आणि थोडी चिकित्सा एवढं पुरतं.

आधी, हे काम खरंच आहे का?

उत्तर शोधायला लांब जायला नको. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने जगभरातल्या कंपन्यांच्या यंत्रणा बंद पाडल्या. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल खोळंबलं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलेलं हे मालवेअर आपल्या रायगड जिल्ह्यातले कंटेनर अडवून बसलं. मर्स्कने स्वतःच्या नुकसानीचा आकडा २० ते ३० कोटी डॉलर सांगितला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि काही रक्कम हाँगकाँगकडे वळवली गेली.

असे हल्ले होण्याआधीच यंत्रणेतली भगदाडं शोधणारी माणसं बंदरांना, बँकांना, रुग्णालयांना, सरकारी खात्यांना लागतात. मालकाच्या लेखी परवानगीने यंत्रणा फोडून पाहायची आणि कुठे काय चुकलं आहे याचा अहवाल द्यायचा, या कामाला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. धंद्यातली मंडळी ‘पेनटेस्टिंग’ म्हणतात. हल्ल्यांवर पहारा ठेवणं, हल्ला झाल्यावर तपास करणं, सुरक्षित सॉफ्टवेअर लिहिणं या शेजारच्या वाटाही आहेत. सिनेमात दिसतो तसा काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळवण्याचा प्रकार यात फारसा नसतो. वाचन, चिकाटी आणि लेखन मात्र भरपूर असतं.

पुस्तकाला विचारायचे सहा प्रश्न

१. पहिली पन्नास पानं कशाची आहेत? चांगलं पुस्तक सुरुवातीला थोडं कंटाळवाणं असतं. लिनक्सच्या आज्ञा, फायलींचे हक्क, दोन कंप्युटर एकमेकांशी कसे बोलतात, वेबसाइट उघडताना पडद्यामागे काय घडतं, थोडं प्रोग्रॅमिंग, असा तो पाया असतो. पहिल्याच प्रकरणात मित्राचं इन्स्टाग्राम किंवा शेजाऱ्याचं वायफाय उघडून देण्याचं आश्वासन दिसलं, तर पुस्तक खाली ठेवा.

२. पुस्तक ‘का’ सांगतं की फक्त ‘कसं’? नॉटपेट्याचंच उदाहरण घ्या. ते दोन मार्गांनी पसरलं. एक मार्ग विंडोजमधल्या अशा त्रुटीचा, जिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्येच दिली होती. दुसरा मार्ग कंप्युटरच्या मेमरीत पडून असलेले पासवर्ड चोरण्याचा. त्यामुळे दुरुस्ती केलेलं यंत्रही शेजारच्या यंत्रामुळे बळी पडू शकत होतं. सुमार पुस्तक इथे एका टूलचं नाव आणि टाइप करायच्या तीन ओळी देईल. चांगलं पुस्तक विचारायला लावेल की पासवर्ड मेमरीत राहतोच का, आणि साध्या कर्मचाऱ्याच्या यंत्रावर अ‍ॅडमिनने लॉगिन करणं धोक्याचं का. टूल बदलत राहतात. ‘का’ समजलेल्या मुलाचं त्यांच्यावाचून अडत नाही.

३. सराव कुठे करायला सांगतं? आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली शिरढोणला जन्मले आणि पुढे पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झाले. डाव शिकायचे ते तालमीत, वस्तादासमोर, तयार असलेल्या जोडीदारावर. रस्त्याने जाणाऱ्या माणसावर नव्हे. या विद्येचंही तसंच आहे. चांगलं पुस्तक पहिल्या काही प्रकरणांतच घरच्या घरी प्रयोगशाळा उभारायला लावतं. व्हर्च्युअलबॉक्ससारखं फुकट सॉफ्टवेअर घालून एकाच लॅपटॉपमध्ये दोन-तीन खोटे कंप्युटर तयार करायचे आणि मेटास्प्लॉइटेबल किंवा डीव्हीडब्ल्यूए यांसारख्या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणांवर हात साफ करायचा. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे जमतं. परवानगीचा विषय शेवटच्या पानावर बारीक अक्षरात उरकला असेल, तर पुस्तकाचा हेतू तिथेच कळतो.

४. बचाव आणि अहवाल आहेत का? प्रत्येक हल्ल्यानंतर ‘हे कसं रोखायचं’ हा भाग हवाच. त्याहून महत्त्वाचं, अहवाल कसा लिहायचा यावर काही आहे का ते अनुक्रमणिकेत शोधा. कंपनी पैसे मोजते ते अहवालासाठी. ‘ओएससीपी’ या नावाजलेल्या प्रमाणपत्राची परीक्षा जवळजवळ चोवीस तास प्रत्यक्ष यंत्रं फोडण्याची असते आणि त्यानंतर अहवाल लिहून द्यावा लागतो. पुस्तक अहवालाचं नावही काढत नसेल, तर लेखकाने हे काम केलं आहे का अशी शंका घ्यायला जागा आहे.

५. साल कोणतं, आणि जुनं काय झालं आहे? विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४मध्ये निरोप दिला. पायथनची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२०ला थांबली. वायफायची डब्ल्यूईपी ही सुरक्षा २००१मध्येच कुचकामी ठरली होती. पुस्तकातली उदाहरणं यांच्यावरच उभी असतील, तर नवशिक्याचा अर्धा वेळ ‘माझ्याकडे हे चालत का नाही’ यातच जाईल. पण जुनं म्हणजे टाकाऊ, असाही निकाल देऊ नका. कुठलं बटण दाबा हे सांगणारं पुस्तक दोन वर्षांत शिळं होतं. मेमरी, नेटवर्क, प्रोग्रॅम यांचं मूळ समजावणारं पुस्तक वीस वर्षंही टिकतं.

६. लेखकाने काय केलं आहे? २००१ साली अंकित फाडिया या शाळकरी मुलाचं नैतिक हॅकिंगवरचं पुस्तक आपल्याकडे प्रचंड गाजलं. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे त्याच्या दाव्यांवर सुरक्षा क्षेत्रातल्या जाणकारांनी जाहीर प्रश्न उभे केले. त्या वादात न शिरताही पालकांना एक गोष्ट घेता येते: कव्हरवरच्या बिरुदांवर जाऊ नये. लेखकाने कुठलं टूल लिहिलं, कुठली त्रुटी शोधली, कुठे शिकवलं, याचा माग लागतो का ते पाहावं.

नावाजलेली काही पुस्तकं या कसोटीवर

‘लिनक्स बेसिक्स फॉर हॅकर्स’ (२०१८) हे पातळ पुस्तक पहिल्या पायरीसाठी ठीक आहे. नाव भडक असलं तरी आत बहुतांशी लिनक्स नीट वापरायला शिकवलं आहे. जॉर्जिया वाइडमन यांचं ‘पेनिट्रेशन टेस्टिंग’ (२०१४) तिसऱ्या-चौथ्या प्रश्नावर उत्तम उतरतं. प्रयोगशाळा कशी उभारायची हे ते हात धरून शिकवतं. पाचव्या प्रश्नावर मात्र अडखळतं, कारण त्यातलं एक सराव-यंत्र विंडोज एक्सपीचं आहे. कामाची शिस्त शिकायला ते घ्यावं, पायऱ्या जशाच्या तशा चालतील ही अपेक्षा ठेवू नये.

जॉन एरिक्सन यांच्या ‘हॅकिंग : द आर्ट ऑफ एक्स्प्लॉइटेशन’ची दुसरी आवृत्ती २००८ची. ती सी भाषा आणि मेमरी यांच्या मुळाशी नेते, म्हणून आजही वाचली जाते. पण बारावीत सी किंवा पायथनची तोंडओळख नसलेल्या मुलाच्या हाती ती पहिल्याच दिवशी दिली, तर आठवड्यात कपाटात जाईल. स्टटर्ड आणि पिंटो यांचं वेबसाइटच्या सुरक्षेवरचं जाडजूड हँडबुक २०११च्या आवृत्तीवर थांबलं. तिसरी आवृत्ती छापण्याऐवजी स्टटर्ड यांच्या पोर्टस्विगर या कंपनीने वेब सिक्युरिटी अकादमी हा फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम आणला. तिथे धडे आणि सराव दोन्ही आहेत. हे कळलं की जुनं हँडबुक घेण्याचे पैसे वाचतात.

हॅकिंगचं नाव नसलेलं पुस्तकही या यादीत हवं. पुण्याच्या अतुल कहाते यांचं ‘क्रिप्टोग्राफी अँड नेटवर्क सिक्युरिटी’ आपल्याकडे इंजिनीअरिंगला अभ्यासतात. अच्युत गोडबोले आणि कहाते यांचं ‘वेब टेक्नॉलॉजीज’ही पाया पक्का करणारं आहे. आणि क्लिफर्ड स्टोल यांचं ‘द कुकूज एग’ (१९८९) आईवडिलांनीही वाचावं: हिशेबातल्या ७५ सेंटच्या फरकावरून एका खगोलशास्त्रज्ञाने घुसखोर कसा शोधला, त्याची ती खरी हकिकत आहे. या कामाला किती सोशीकपणा लागतो, ते त्यातून समजतं.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या फुकट पीडीएफ आणि ‘क्रॅक’ केलेली टूल मात्र दूर ठेवा. चोरीचा प्रश्न आहेच. शिवाय अशा फायलींतूनच मालवेअर घरात शिरतं.

कायदा घरातल्या सर्वांनी वाचावा

माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्याही कंप्युटरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरणं बेकायदा आहे. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम ६६नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘गंमत म्हणून केलं’ हा बचाव पोलीस ठाण्यात कामी येईल, या भरवशावर राहू नये. कॉसमॉस प्रकरणात एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. बनावट कार्डाने एटीएममधून पैसे काढून देणं हे कुणाला छोटं काम वाटत असेल. न्यायालयाला तसं वाटलं नाही. ‘खातं वापरायला दे, कमिशन देतो’ म्हणणाऱ्यांबद्दलही मुलांशी मोकळेपणाने बोला.

पुढची वाट

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा कंप्युटर किंवा आयटीचा डिप्लोमा, किंवा अकरावी-बारावी सायन्सला कंप्युटर सायन्स बायफोकल, या दोन्ही वाटा चालतात. पुढे बीएस्सी आयटी, बीसीए किंवा इंजिनीअरिंग. पनवेल-नवी मुंबई पट्ट्यात ही कॉलेजं आहेत. त्यासाठी गाव सोडावंच लागतं असं नाही. पदवीनंतर सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटी हा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीच्या मुलाला हजारो रुपये घेऊन ‘हमखास नोकरी’चं प्रमाणपत्र विकणाऱ्या क्लासची घाई करू नका. प्रमाणपत्रं पदवीच्या शेवटच्या वर्षात घेतली तरी उशीर होत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांची अडचण इंग्रजीची असते. चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत, अहवालही बहुधा इंग्रजीत लिहायचे. त्यावर सोपा उपाय आहे. दिवसाला चार-पाच पानंच वाचायची, प्रयोग करायचा आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, ते का चाललं, आणि कसं रोखता येईल. आधी मराठीत लिहिलं तरी चालेल, हळूहळू इंग्रजीत. आठवड्यातून एकदा मुलाने किंवा मुलीने एक प्रकरण आईबाबांना साध्या मराठीत समजावून सांगायचं. कंप्युटर न येणाऱ्या माणसाला समजेल असं सांगता येणं, हेच पुढे नोकरीत रोज करावं लागतं.

महिनाभराने वही उघडा. ‘का’ आणि ‘कसं रोखायचं’ हे रकाने भरलेले असतील, तर दुसरं पुस्तक बिनधास्त घेऊन द्या. नुसत्या टूलच्या नावांनी वही भरली असेल, तर आधी पुस्तक बदला. आणि वही कोरीच राहिली असेल, तर आवड वेगळीकडे आहे हे काही शे रुपयांत कळलं, लाखभराच्या क्लासची फी भरल्यावर नव्हे.