शीट मास्क घेताना पाकीट उलटून बघा

सुलतान बाजारात मुलतानी माती मिळते, शीट मास्कही मिळतो. दोन्ही तोंडालाच लावायचे, पण कामं उलटी. माती तेल शोषते. ओला मास्क पाणी उडू देत नाही, म्हणून चेहरा तेवढ्यापुरता टवटवीत दिसतो. हैदराबादच्या मे महिन्यात कोरड्या त्वचेला मास्क बरा, तेलकट चेहऱ्याला माती चालेल.

कापडी मास्क स्वस्त. हायड्रोजेलचा अंगाला नीट चिकटतो आणि महाग पडतो. खरा फरक मात्र आतल्या द्रवात असतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याखालचे कसेही. पुढे मोठ्या अक्षरांत ‘केशर’ आणि मागे यादीत ते सुगंधाच्याही नंतर? मग केशर नावालाच! ग्लिसरीन वर असेल तर ओलावा मिळेल. गोरेपणा मिळणार नाही.

आधी कोपराच्या आत थोडा द्रव लावून एक दिवस थांबा. खाज सुटली तर मास्क फेका, पैशांकडे बघू नका. पंधरा-वीस मिनिटं पुरे, वरून क्रीम लावा. आणि हॉस्टेलमध्ये एक मास्क दोघींत नको, मैत्री कितीही घट्ट असो.